दुखवट्याच्या वर्षातला चुना

चुना हाताला लागला की आधी काहीच कळत नाही. गार वाटतो, बरा वाटतो. तासाभरानं नखांच्या कडा चुरचुरू लागतात आणि संध्याकाळी भाकरी थापायला बसलं की पिठाचं पाणी भेगांत शिरतं, तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकतात. जाऊबाई म्हणायच्या, "कशाला जिवाला ताप करून घेता? कोंबड्यायला काय कळतंय भीत पांढरी का काळी?" मी खोबरेल तेल चोळत बसायची आणि मनात म्हणायची, तुम्हाला नाही कळत, कोंबड्यांना कळतं.

आमचं गाव टेंभुर्णीपासून दोन कोसांवर. घर एकत्र. सासू-सासरे, थोरले दीर, जाऊबाई, त्यांच्या दोन मुली, आम्ही नवराबायको आणि आमचा एक मुलगा. शेतीचा कारभार दिरांकडं, घराचा सासऱ्यांकडं, आणि आमचे हे दोघांनी सांगितलेलं ऐकायचे. ऐकण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. मी धाकटी सून. धाकट्या सुनेला घरात जागा असते, पण हे माझं असं बोट दाखवून म्हणावं असं काही नसतं. लग्नानंतर आठ-नऊ वर्षं मी हे सगळं कुरकुर न करता चालवलं. म्हणजे कुरकुर केली, पण गोठ्यात, म्हशीजवळ.

नव्वदीच्या सुरुवातीला एका राखीपौर्णिमेला मी भावाकडं अंकुशनगरला गेले होते. तो साखर कारखान्यात कामाला होता. त्याच्या वसाहतीच्या मागं एका बाईनं पत्र्याच्या शेडात तीनशे कोंबड्या पाळल्या होत्या. त्या बाईच्या दारात माणसं यायची आणि विचारायची, "पोल्ट्रीवाल्या बाई आहेत का?" तिच्या नवऱ्याचं नाव कुणी काढत नव्हतं. भावाकडं मी दोन दिवस राहिले, त्यातला दीड दिवस त्या शेडात काढला. भाऊ म्हणाला, ओवाळायला आलीस का कोंबड्या बघायला? खरं सांगायचं तर मला कोंबड्यांपेक्षा त्या हाकेचं जास्त अप्रूप वाटलं होतं. मला तशी हाक हवी होती.

घरी येऊन विषय काढला तेव्हा सासूबाईंनी तोंड फिरवलं, जाऊबाई हसल्या आणि आमचे हे भावाच्या तोंडाकडं बघत राहिले. सासरे मात्र तंबाखू मळता मळता म्हणाले, "करू द्या की तिला. खळ्याची जागा रिकामीच पडून राह्यली." एवढंच बोलले. त्या घरात माझ्या बाजूनं बोललं गेलेलं ते पहिलं वाक्य. खळ्यावर शेड उभं राहिलं, रस्त्याच्या कडेला. दोन टोकांना पूर्ण भिंती, लांबीच्या बाजूंना कंबरेएवढी भिंत, वर जाळी आणि पत्रे. सासरे रोज सकाळी चहा घेऊन एक चक्कर मारायचे आणि परत जायचे.

चुन्याचं मला टेंभुर्णीच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शिकवलं. निवृत्तीला आलेला माणूस, सायकलवर यायचा. शेडात शिरला की कोंबड्यांकडं बघायच्या आधी भिंतीवरून बोट फिरवायचा आणि त्या बोटाचा वास घ्यायचा. "बाई, औषध नंतर. आधी चुना," हे त्यांचं ठरलेलं. मला वाटायचं, शिकलेला माणूस असून सुई द्यायची सोडून हा चुना काय घेऊन बसलाय. पण पिल्लांच्या दोन खेपांतच कळलं. पहिल्या खेपेला मी कंटाळा केला, तेव्हा भिंतीच्या फटीफटीत बारीक लाल किडे झाले. दिवसा दिसायचे नाहीत आणि कोंबड्या मात्र झुरत चालल्या. दुसऱ्या खेपेला चुना दिला आणि किडे गेले ते गेलेच.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. एक खेप विकली गेली की खालचा सगळा भुसा काढून लांब शेतात टाकायचा. जमीन खुरप्यानं खरवडायची. धुण्याच्या सोड्याचं कढत पाणी ओतून खराट्यानं घासायची आणि दोन दिवस वाळू द्यायची. तोवर खळ्याच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात कळीचा चुना भिजवायचा. आधी पाणी, मग कळ्या, नाहीतर अंगावर उडतो. चुना खदखदायला लागला की मी लांब उभी राहायची, यांचा मोटारसायकलचा गॉगल डोळ्यांवर चढवून. गावातली पोरं तो गॉगल बघायला जमायची. मग थंड झालेला चुना जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायचा, ताकाएवढा पातळ करायचा, धरून राहावा म्हणून त्यात मीठ घालायचं, आणि शिंदीच्या कुंच्यानं पहिला हात द्यायचा. तो वाळला की दुसरा हात आडवा. कोपरे, फटी, खांबांची बुडं, जाळीच्या चौकटी. उघड्या भिंती कोणीही रंगवील, रोग कोपऱ्यात बसतो. शेवटी जमिनीवर कोरडी भुकटी टाकायची आणि वर नवा भुसा पसरायचा. पुन्हा तीन-चार दिवस वारा खाऊ दिला की मगच पिल्लं.

अशी तीन वर्षं गेली. लोक हळूहळू दारात येऊन "पोल्ट्रीवाली वहिनी हायत का?" विचारायला लागले. मी ओ द्यायची ती जरा मोठ्यानंच.

मग एका खेपेला शेवटच्या आठवड्यात काही कोंबड्यांना रक्ताची हगवण लागली. माल तयार होता म्हणून घाईनं काढून टाकला आणि निभावलं. डॉक्टरांनी मला शेडाबाहेर नेऊन सांगितलं, "हा रोग जमिनीत राहतो, बाई. या वेळी भुसा शेतात टाकू नका, जाळा. भिंती, जमीन, सगळीकडं चुना. एक हात नाही, दोन. या वेळी कसूर केली तर पुढची पिल्लं गेली म्हणून समजा." मी यांना नवीन जालन्याला पाठवून दोन गोण्या कळीचा चुना आणवला. भुसा जाळला, जमीन घासली, चुना भिजवला. तिसऱ्या दिवशी गाळून कुंचा हातात घ्यायचा, तर त्या सकाळी सासरे चहाची बशी हातात घेऊन ओट्यावर बसले ते तिथंच कलंडले. वैद्य येईपर्यंतही थांबले नाहीत.

तेरा दिवस घरात माणसांचा राबता होता. मला रडायला येत होतं ते खरं येत होतं. बाकीच्यांचं मला माहीत नाही. चुना खड्ड्यात पाण्याखाली होता, वर गोणपाट टाकलेलं. चुना पाण्याखाली असला की बिघडत नाही, म्हणून त्याची काळजी नव्हती. तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि पिल्लं यायला दहा दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुंचा आणि बादली घेऊन निघाले. सासूबाई दारातच बसल्या होत्या.

"कुठं निघाली गं?"

"शेडात. चुना द्यायचा राह्यलाय, आत्याबाई. पिल्लं येऊन राह्यली."

"ह्या वर्सात भिताडाला चुना लागत न्हाई."

आमच्या भावकीत तशी रीतच आहे. घरातलं मोठं माणूस गेलं की वर्षश्राद्ध होईपर्यंत दारात रांगोळी नाही, दिवाळीला घरात तळण नाही आणि भिंतीला चुना नाही. घर काळवंडलेलं दिसलं पाहिजे, म्हणजे गेलेल्याचा मान राहतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण कोंबड्यांचं शेड त्यात येईल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"ते घराला, आत्याबाई. हे कोंबड्यायचं शेड हाय."

"शेड कुणाचं हाय?"

"आपलंच."

"मंग ते घरच झालं."

मी म्हटलं, फक्त आतून देते, बाहेरून बोटभर लावत नाही. त्या म्हणाल्या, जाळीतून समदं दिसतंय, रस्त्यानं जाणाऱ्याला काय डोळे न्हाईत? मग मला एक युक्ती सुचली आणि मी ती मोठ्या हुशारीनं सांगितली. "मंग चुन्यात गेरू कालवते. न्हाई तं शेण. मातीच्या रंगाचा होईल. कुणाला कळणार बी न्हाई."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मेलेल्या माणसाला फसवती का? त्यानंच तुला ते शेड बांधून दिलं."

मी बादली खाली ठेवली. सासूबाई दुष्ट होत्या असं मी म्हणणार नाही. चाळीस वर्षांचा संसार एका सकाळी संपला होता, आणि घरातला बाकी सगळा शब्द आता थोरल्या लेकाकडं गेला होता. दुखवटा कसा पाळायचा एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. हे मला आज कळतं. कळतं म्हणून राग गेला असं मात्र नाही.

आता वाट एकच होती, थोरले दीर. ते घरचे कर्ते झाले होते. माणूस व्यवहारी, बाप जाऊन अकरा दिवस झाले नाहीत तोवर गव्हाला पाणी द्यायला गेलेला. त्यांनी हो म्हटलं असतं तर सासूबाई गप्प बसल्या असत्या. पण त्यांच्याशी मी जन्मात कधी तोंडानं बोलले नव्हते. आमच्याकडं धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरापुढं पदर ओढून आडोशाला होते. काही सांगायचं तर नवऱ्याच्या तोंडून, नाहीतर सासूच्या. बारा वर्षं एका घरात राहून त्या माणसाला माझा आवाज ओळखता आला असता की नाही, कोण जाणे. सासूची वाट बंद झाली होती, म्हणून मी यांना धरलं.

"तुम्ही दादाला इचारा. रोग हाय म्हणा. डॉक्टरचं नाव घ्या. दोन दिसाचं काम हाय, मी एकटी करते म्हणा."

"इचारतो," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते शेतातून आले तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन अंगणातच उभी होते. "काय म्हणले?"

"न्हाई म्हणले."

"बराबर काय म्हणले?"

"न्हाई म्हणले म्हणजे न्हाई म्हणले. त्यात बराबर काय असतं? वर्स काय, निघून जाईल. एक खेप बिनचुन्याची गेली तं जग बुडून राह्यलं का?"

पिल्लं पुढं ढकलता आली असती. पण पिल्लांची गाडी चार गावं करत यायची. एकदा आपली पाळी गेली की पुढची कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि रिकामं शेड घरातल्यांच्या डोळ्यांत येतं हे मला कळत होतं. रिकाम्या जागेत काहीतरी आणून टाकायची सवय आमच्या घराला पहिल्यापासून आहे. म्हणून मी पिल्लं घेतली. ही चूक माझी, ती कुणाच्या पदरात टाकत नाही.

आणखी एक गोष्ट करता आली असती. भर दुपारी सगळे शेतात असताना चुना देऊन मोकळं व्हायचं. मग घरात काय तो तमाशा झाला असता, पण चुना भिंतीवर असता. एका दुपारी मी खड्ड्यापर्यंत गेले, गोणपाट उचललं, हात घालून चुना बघितला. लोण्यासारखा मऊ झाला होता. पुन्हा गोणपाट टाकलं आणि घरी येऊन धान्य निवडत बसले. सासूबाईंची भीती वाटली का? नाही. माणसं म्हणतील, सासऱ्यानं शेड दिलं आणि हिनं त्याचं वर्षसुद्धा पाळलं नाही, याची भीती वाटली. त्या दुपारच्या बाईवर माझा जेवढा राग आहे तेवढा सासूबाईंवरही नाही.

फिनाईल चाललं, कारण ते दिसत नाही. मी दोनदा फिनाईलनं धुतलं, तुराट्या पसरून जमिनीवर जाळ केला, फटी मातीनं लिंपल्या. भिंती होत्या तशाच काळ्या राहिल्या आणि दुखवटा व्यवस्थित दिसू लागला. भावकीतल्या बायका म्हणाल्या, धाकटीनं पाळलं हो.

पाचशे पिल्लं आली. पहिले पंधरा दिवस छान होती. अठराव्या की एकोणिसाव्या दिवशी सकाळी भुशावर लाल ठिपके दिसले. त्या दिवसापासून पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून, एकमेकांना चिकटून उभी राहायला लागली. पाण्यातून पावडर दिली. आजारी पिल्लं वेगळी काढली. दिवसातून तीनदा भुसा उलथला. सकाळी टोपली घेऊन आत जायचं आणि मेलेली गोळा करायची, हे पहिलं काम झालं. एका टोपलीच्या दोन झाल्या. हे खड्डा खणून द्यायचे आणि निघून जायचे. मला वाटायचं, यांनाही वाईट वाटतंय.

डॉक्टर सायकलवरून आले. नेहमीप्रमाणे भिंतीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"चुना?"

मी सांगितलं, दुखवटा आहे, घरातून नाही म्हणाले. त्यांनी रुमालानं बोट पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिले. "चुना दिला असता तर सगळी जगली असती असं मी म्हणणार नाही, बाई," ते म्हणाले. "पण एवढी गेली नसती." मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत, आणि पुन्हा आमच्याकडं आलेही नाहीत. त्याच वर्षी त्यांची नोकरी संपली.

उरली ती पिल्लं वाढलीच नाहीत. बाजारच्या दिवशी मिळेल त्या भावात देऊन टाकली. शेड रिकामं झालं.

सासऱ्यांना जाऊन चार महिने झाले असतील नसतील, तोच दिरांच्या थोरल्या मुलीला स्थळ आलं. मुलगा नोकरीचा. दुखवट्याच्या वर्षात लग्न कसं, असं मला वाटलं. पण रीत त्यालाही होती. घरात असं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. सासूबाईंनीच सांगितलं, "वर्साच्या आत उरकून टाका. चांगलं स्थळ काय थांबून राह्यतंय का?" आणि लग्नघर काळं ठेवत नाहीत. आठ दिवसांत घराला चुना द्यायचं ठरलं.

मी विचारलं. न विचारता राहवलं नाही. "आत्याबाई, वर्स अजून सरलं न्हाई की."

"लग्नाचं येगळं असतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जरासुद्धा खोट नव्हती. त्यांना ते खरंच वेगळं वाटत होतं.

चुना आणायला कुणी जालन्याला गेलं नाही. खळ्यावरच्या खड्ड्यात होताच. गोणपाट काढलं तर वर वितभर पाणी, खाली माझ्या दोन गोण्यांचा चुना, चांगला मुरलेला. दिरांनी दोन मजूर लावले. पण मजूर कोपरे सोडतात आणि भिंतीवर पट्टे उठवतात, म्हणून जाऊबाई माझ्याकडं आल्या. "तुमच्यावानी हात कुणाचाच बसत न्हाई. देवघर आन् माजघर तुम्हीच घ्या." मी घेतलं. देवघर केलं, माजघर केलं, जाऊबाईंच्या खोलीत नीळ घालून निळसर झाक आणली. येणारी-जाणारी माणसं तोंडभरून बोलत होती. माझ्या नखांच्या कडा पुन्हा फुटल्या.

एका सकाळी मी शेडाच्या टोकाच्या भिंतीमागं बसून चुना गाळत होते. दीर आणि आमचे हे पलीकडून बोलत आले. मी तिथं आहे हे त्यांना दिसत नव्हतं, आणि मी उठून बाजूला होणार तेवढ्यात दीर म्हणाले, "आचाऱ्यायला इथंच बसवू. सावली हाय, पाणी जवळ हाय." मग थोडं थांबून, "पण हे एवढं काळं कसं? कोंबड्या होत्या तवा बी चुना मारत न्हवते का तुम्ही?"

"मारायचो की," हे म्हणाले. "मागल्या बारीला ऱ्हाऊन गेलं."

"ऱ्हाऊन गेलं? पाचशे पिल्लं टाकली आन् चुना ऱ्हाऊन गेला? पिल्लं मरतील न्हाई तं काय करतील?"

"आई न्हाई म्हणली होती. दुखवट्याचं."

"मंग मला सांगायचं होतं. आईला मी बोललो असतो. कोंबड्याच्या शेडाला कसला आलाय दुखवटा?"

मग दीरच म्हणाले, "आता जल्दी दोन हात मारून घ्या. परवा आचारी येऊन राह्यले." आणि दोघं निघून गेले.

माझ्या हातात लुगड्याचं फडकं होतं, त्यातून चुना गळत होता. तो गळून संपला तरी मी तशीच बसून होते. दीर नाही म्हणाले नव्हते. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मी त्या माणसाला चार महिने मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, आणि तो चार शब्दांत हो म्हणाला असता.

दुपारी मी यांना विहिरीवर गाठलं. "दादाला इचारलं होतं का तुम्ही?"

यांनी आधी बैलाच्या कासऱ्याची गाठ सोडली, पुन्हा मारली. मग म्हणाले, "कसं इचारायचं? त्यायला वाटलं असतं, बाप जाऊन पंधरा दिस न्हाई झाले आन् याला बायकोच्या कोंबड्या सुचून राह्यल्या."

"मंग न्हाई म्हणले असं का सांगितलं?"

"तू ऐकली नसती."

एवढंच. भांडावं तर पुढं भांडायला माणूस हवा. हे पाण्याकडं बघत उभे होते, आणि मला पहिल्यांदा कळलं की या माणसानं मला फसवलं ते दुष्टपणानं नाही. भावापुढं एक वाक्य बोलायची त्याची छाती झाली नाही, आणि तसं मला सांगायचीही झाली नाही. दुष्टपणा असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी शेडाला चुना दिला. बुडापासून पत्र्यापर्यंत, उभा एक हात, आडवा एक हात. कोपरे, फटी, खांबांची बुडं. काहीही सोडलं नाही. इतकं स्वच्छ ते शेड कधीच झालं नव्हतं. त्यात आचाऱ्यानं बुंदी पाडली. पंगतीतून उठलेली माणसं म्हणत होती, बुंदी काय झाली होती.

लग्न पार पडलं, पाहुणे गेले, आणि मी सासूबाईंकडून दिरांना निरोप पाठवला, पुन्हा पिल्लं आणते म्हणून. या वेळी यांच्याकडून नाही पाठवला. दोन दिवसांनी सासूबाईंनी उत्तर आणलं. दिरांनी त्या वर्षी कपाशीचा सीड प्लॉट घ्यायचं ठरवलं होतं, बियाण्याचा कापूस ठेवायला कोरडी जागा हवी होती. "शेडाला नुकताच चुना मारलाय, तिथंच ठेवू म्हणाला. आन् म्हणाला, तिला कोंबड्या जमल्या न्हाईत, आता परत कशाला?"

त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. पदर बाजूला करून दिरापुढं जाऊन उभं राहायला हवं होतं आणि सांगायला हवं होतं, जमल्या होत्या, तीन वर्षं जमल्या होत्या. मला चुना देऊ दिला नाही, आणि तुमच्या भावानं तुम्हाला विचारल्याचं मला खोटं सांगितलं. पण मग ते भावाच्या नजरेतून उतरले असते. नवऱ्याचा मान जातो म्हणून मी गप्प बसले. बायका अशाच वागतात आणि वर त्याला शहाणपण म्हणतात. जाळीच्या जागी विटा चढल्या, दाराला कुलूप लागलं. माझ्या हाताच्या भेगा त्या वर्षी भरल्या त्या भरल्याच.

मग बरीच वर्षं गेली. सासूबाई गेल्या. वाटण्या झाल्या, खळं आमच्या वाट्याला आलं, पण तोवर माझ्यात कोंबड्यांमागं धावायचं बळ उरलं नव्हतं. मुलगा शिकला, नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या कार्यालयात लागला, त्याचं लग्न झालं. सून शिकलेली, बोलकी. आमच्याशी सरळ बोलते, सासऱ्याशीसुद्धा. मला ते फार आवडतं.

एका रविवारी दोघं गावी आले होते. जेवायला बसलो होतो. हे, मुलगा आणि सून एका ओळीत, मी वाढत होते. सून म्हणाली, "आई, खळ्यावरचं ते शेड नुसतंच पडून आहे. आपण तिथं पोल्ट्री काढू या का? मी माहिती काढते."

मी काही बोलणार, तेवढ्यात मुलगा हसून म्हणाला, "अगं, आईनं काढली होती ना. मी लहान होतो तेव्हा. जमली नाही तिला. सगळी पिल्लं मेली." त्यानं ते मायेनंच म्हटलं. आईची एक जुनी फजिती सांगावी तसं. वर म्हणाला, "सोड ते. आईनं कष्ट लय केले, पण ते तिचं काम नव्हतं."

मी यांच्याकडं बघितलं. काय झालं होतं ते सगळं जाणणारा तो एकच माणूस होता, आणि तो माझ्यासमोर दोन हातांवर बसला होता. आता भाऊ समोर नव्हता, आई नव्हती, भिण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. मी हातातली पळी तशीच धरून थांबले. त्यांनी मान वर केली, माझ्याकडं पाहिलं, मी कशासाठी थांबलेय हे त्यांना बरोबर कळलं. मग त्यांनी ताट जरा पुढं सरकवलं.

"भाजी वाढ," ते म्हणाले.

मी वाढली.